अकाउंटंटचा फोन तारखेच्या आधी येतो की नंतर?

एका कारखानदारानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, १४ माणसं, उलाढाल साडेतीन कोटींच्या आसपास. हिशोबाचं सगळं वडिलांच्या वेळेपासूनचे एक काका बघतात, महिन्याला ९,००० फी. आता जीएसटीची २ लाख १८ हजारांची ऑर्डर आलीय, टॅक्स व्याज दंड सगळं मिळून, आणि त्याआधी नोटीस येऊन गेली होती हे यांना माहीतच नव्हतं. काका म्हणतात काळजी करू नका होऊन जाईल, मेहुणे म्हणतात माणूसच बदला, आणि यांचं म्हणणं असं की मला अकाउंटमधलं ओ की ठो कळत नाही, मग काका काम नीट करतायत की नाही हे मी ओळखायचं कसं.

मी पुण्यात २२ वर्षं हेच काम करतोय, भोसरी, चिंचवड, नऱ्हे इकडचे बरेच छोटे कारखानदार माझ्याकडे आहेत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पण आधी ऑर्डरचं बघा, काका चांगले की वाईट हे नंतर. ऑर्डरवर तारीख असेल ती बघा. अपिलाला ३ महिने मिळतात, योग्य कारण असेल तर वरचा १ महिना, त्यापुढे अपील अधिकाऱ्यालाही मुदत वाढवता येत नाही. आणि हे ३ महिने तुम्ही ऑर्डर वाचली त्या दिवसापासून नाही मोजत, पोर्टलवर टाकली म्हणजे तुम्हाला मिळाली असंच खातं धरतं. अपील करताना वादातल्या टॅक्सच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. तेव्हा "होऊन जाईल" म्हणजे नक्की काय होईल, कोणत्या तारखेला होईल, कोण करणार, हे काकांना आजच विचारा आणि उत्तर लिहून घ्या. अपील करायचं ठरलं तर त्याची पोचपावती स्वतःच्या हातात घ्या.

आता मुख्य प्रश्न. लोक अकाउंटंटची पारख दोनच गोष्टींवरून करतात, एक म्हणजे रिटर्न वेळेवर जातात का आणि दुसरं म्हणजे टॅक्स किती वाचवला. माझ्या मते दोन्ही मापं अपुरी आहेत. रिटर्न वेळेवर जाणं ही तर अगदी किमान गोष्ट झाली, चुकीचं रिटर्नही वेळेवर जातंच की. मी एकच गोष्ट बघतो, हा माणूस तुम्हाला तारखेच्या आधी सांगतो की तारीख गेल्यावर. म्हणजे तुम्हाला अजून काहीतरी करता येईल अशा वेळी माहिती तुमच्यापर्यंत पोचते का. हे ओळखायला अकाउंट कळावं लागत नाही, गेल्या वर्षभरात त्यांचे फोन कधी कधी आले आणि कशासाठी आले एवढं आठवलं तरी पुरे.

नोटिशीचंच घ्या. नोटीस तुम्हाला का कळली नाही? माझा अंदाज, जीएसटी पोर्टलवर तुमच्या नावापुढे मोबाईल आणि ईमेल काकांचा आहे. दोन वर्षांपूर्वी नऱ्ह्याचे एक जण माझ्याकडे आले होते, प्लास्टिक मोल्डिंगचं काम, अशीच एकतर्फी ऑर्डर घेऊन. मी त्यांच्यासमोर लॉगइन करायला बसलो तर पासवर्ड त्यांच्याकडे नाही, रिसेट करायला गेलो तर ओटीपी एका नंबरवर गेला, तो नंबर कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. शेवटी कळलं की त्यांच्या आधीच्या अकाउंटंटकडे पूर्वी एक मुलगा कामाला होता, त्याचा नंबर, तो मुलगा नोकरी सोडून नाशिकला गेलेला. त्याला फोन लावला, तो बिचारा बाईकवर होता, बाजूला थांबून त्यानं ओटीपी सांगितला. आत गेलो. मुख्य नोटिशीच्या पानावर काहीच नाही, पण 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' म्हणून वेगळी जागा होती तिथे एकाखाली एक तीन कागद, कारणे दाखवा नोटीस, सुनावणीचं स्मरणपत्र आणि ऑर्डर. सहा महिने पडून होते. ते गृहस्थ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, साहेब मी रोज कारखान्यातच होतो हो, कुणीतरी सांगितलं असतं तर सगळी बिलं होती माझ्याकडे. खरंच होती, मी नंतर बघितली. उत्तर दिलं असतं तर बहुतेक मागणी तिथेच संपली असती.

म्हणून सांगतो, पोर्टलवरचा मोबाईल आणि ईमेल तुमचाच पाहिजे. जीएसटी, इन्कम टॅक्स, टीडीएसचं ट्रेसेस, पीएफ, ईएसआय, प्रोफेशनल टॅक्स, सगळीकडे. रिटर्न भरताना ओटीपी तुम्हाला येईल, काकांना फोनवर सांगावा लागेल, महिन्यातून दोन वेळा दोन मिनिटांचा त्रास आहे, तो घ्या. डिजिटल सिग्नेचरचा टोकन असेल तर तोही तुमच्या कपाटात, काम असेल तेव्हा न्यायचा आणि परत आणायचा, ती तुमची सही आहे. आणि हे मागितल्यावर काका काय करतात तेही बघा. चांगला माणूस लगेच यादी करून देतो, उलट त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं. "तुम्हाला काय करायचंय पासवर्ड घेऊन" असं कुणी म्हणालं तर मला ते अजिबात आवडत नाही, मग तो माणूस कितीही जुना असो.

दुसरी परीक्षा दर महिन्याची आहे, इनपुट क्रेडिटची. तुमच्या धंद्यात प्लेट, अँगल, पाइप, वेल्डिंग रॉड यावर १८ टक्के जीएसटी तुम्ही सप्लायरला देता आणि तो तुमच्या भरण्यातून वजा होतो. पण सप्लायरनं त्याचं रिटर्न भरून तुमचं बिल दाखवलं असेल तरच. त्याची तारीख पुढच्या महिन्याची ११, तुमच्या नावावर काय काय आलं याची टूबी शीट तयार होते १४ ला, आणि तुमचं थ्रीबी, म्हणजे टॅक्स भरायचं महिन्याचं रिटर्न, जायचं असतं २० ला. म्हणजे १४ ते २० हे सहा दिवस खरे कामाचे. चांगला अकाउंटंट १५-१६ तारखेला फोन करतो, "दादा, चाकणच्या त्या स्टीलवाल्याचं ४ लाखांचं बिल टूबीत आलेलं नाही, ७२,००० चं क्रेडिट अडकलंय, त्याचं पुढचं पेमेंट सोडण्याआधी त्याला विचारा." हा फोन आला की तुमच्या हातात काहीतरी असतं, पेमेंट अजून तुमच्याकडे आहे. कच्चा माणूस दोनपैकी एक करतो. एकतर गुपचूप ते ७२,००० क्रेडिटऐवजी तुमच्याकडून पैशांत भरून घेतो आणि नंतर विसरून जातो, किंवा बिल आहे ना म्हणून ठोकून क्रेडिट घेतो, मग दोन-तीन वर्षांनी खातं ते व्याजासकट परत मागतं, १८ टक्क्यांनी एका वर्षाचे १२,९६० नुसतं व्याजच होतं. आणि आपल्याकडच्या कारखानदारांना येणाऱ्या कितीतरी ऑर्डर ह्याच टूबी आणि थ्रीबीच्या फरकावरच्या असतात, तुमचीही तीच निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

इथे एक बारकावा आहे, बिल दिसलं नाही म्हणजे सप्लायर चोर असं नसतं. तो तिमाही रिटर्नवाला असू शकतो आणि मधल्या महिन्याचं बिल त्यानं वेगळं अपलोड केलं नसेल तर ते तिमाही संपल्यावरच येतं. तुमच्या माणसानं तुम्हाला हा फरक सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही उगाच चांगल्या सप्लायरशी भांडून बसाल. आणि राहिलेलं क्रेडिट ते आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरच्या आत घ्यावं लागतं, त्या वर्षीचं वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं असेल तर त्याच्याही आत. नंतर ते गेलंच. काकांना विचारा, गेल्या वर्षी किती क्रेडिट असं राहिलं आणि त्यातलं किती घेतलं. आकडा लगेच नाही आला तरी चालेल, दोन दिवसांत यादी आली तरी मी म्हणेन माणूस कामाचा आहे.

तिसरं, ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा इन्कम टॅक्स. तारखा तुम्हाला माहीत असतील, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च, आणि त्या त्या तारखेपर्यंत १५, ४५, ७५ आणि १०० टक्के. कितीतरी लोकांना पहिला फोन येतो १३ मार्चला, "साडेतीन लाख भरून टाका परवापर्यंत". मार्चमध्ये छोट्या कारखानदाराकडे पैसा कुठे असतो, सगळ्या पार्ट्यांकडे अडकलेला असतो, मग बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट कर्जातून) उचलायचे. त्याच माणसानं सप्टेंबरला आणि डिसेंबरला ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी) काढून अंदाज सांगितला असता तर तुम्ही तजवीज केली असती. अंदाज चुकला तर चुकू दे, सांगितला पाहिजे. आणि सप्टेंबरमध्ये त्याला नफ्याचा अंदाज सांगताच येत नसेल तर त्याचा अर्थ तुमच्या एंट्र्या तेव्हा झालेल्याच नसतात, वर्षभराचं सगळं एकदम एप्रिल-मेमध्ये बसून पंच होतं. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. हिशोब सहा महिने मागे असेल तर काका कितीही हुशार असले तरी तुम्हाला तारखेच्या आधी काही सांगूच शकत नाहीत.

हे कसं तपासायचं? एका शनिवारी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, उघडायला सांगा. रागानं नाही, सरळ सांगा की मला समजून घ्यायचंय. बँक बॅलन्स बघा, टॅलीतला आकडा आणि बँकेच्या ॲपमधला आकडा शेजारी ठेवा, फरक असेल तर तो कोणत्या चेकमुळे ते त्यांनी दाखवावं. मग कॅश बघा, एक्सेप्शन रिपोर्टमध्ये निगेटिव्ह कॅश दिसते का. गल्ल्यात वजा ४०,००० रुपये कधी असतात का हो? तशी एंट्री असेल तर खर्च आधी टाकलाय आणि पैसे नंतर आणलेत किंवा काहीतरी राहिलंय. मग सस्पेन्स खातं, म्हणजे कशाचे ते न कळलेले पैसे तात्पुरते टाकतात ते. एका क्लायंटचं मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा सस्पेन्समध्ये ६ लाख ४० हजार होते, एंटर मारत आत गेलो तर त्यात एका गिऱ्हाइकाचं पेमेंट, मालकाच्या बायकोनं घरातून दिलेले पैसे आणि मशीनचं डाउन पेमेंट सगळं एकाच ढिगात. मालक तीन वर्षं त्या गिऱ्हाइकाकडे पैसे मागत होता जे त्यानं कधीच दिलेले होते. गिऱ्हाइकानं काम देणं बंद केलं, आणि का बंद केलं ते मालकाला माझ्या टेबलावर कळलं.

शेवटी येणं-देणं बघा, बिलवार, किती दिवसांचं. ही यादी दर महिन्याला तुमच्या व्हॉट्सॲपवर यायला पाहिजे. मागू नका, ती यायला पाहिजे. देण्याच्या यादीत सूक्ष्म आणि लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेले सप्लायर वेगळे दाखवलेले पाहिजेत, कारण त्यांना १५ दिवसांत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, २०२३-२४ पासूनचा नियम आहे. (ट्रेडिंगवाल्यांना लागू नाही, पण तुमचे जॉबवर्कवाले अशी नोंदणी असेल तर ह्यात येतात.) काकांनी हे तुम्हाला मार्चच्या आधी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर त्यांना मानलं पाहिजे.

नियम बदलले की काय होतं तेही बघावं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा सिंहगड रोडवरच्या आमच्या एका फरसाणवाल्यांचा माल १२ वरून ५ वर आला. त्यांच्याकडे आम्ही आदल्या आठवड्यातच बसलो होतो, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दर कधी बदलायचा, आधीच छापलेल्या किमतीच्या पाकिटांचं काय करायचं, ऑर्डर आधीची आणि माल नंतर गेला तर कुठला दर. तुमच्या कामाला १८ च राहिला असेल, पण तेवढं सांगणारा एक फोन तरी आला होता का, "तुम्हाला काही बदल नाही, निवांत राहा" असा?

टॅक्स वाचवण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. नफा कमी दाखवून टॅक्स वाचवून देतो म्हणणारा माणूस मला धोक्याचा वाटतो. उद्या तुम्हाला सीएनसी प्लाझ्मा (पत्रा कापायचं मशीन) घ्यायचा असेल, बँकेत गेलात की आधी दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात, तिथे ४ लाख नफा दिसला की ३० लाखांचं कर्ज कुठून मिळणार, मग खाजगी फायनान्सवाल्याकडे जाऊन वाचवलेल्या टॅक्सच्या कितीतरी पट व्याज भरायचं. खरी बचत वेगळी असते. लेबर कॉन्ट्रॅक्टरचा टीडीएस वेळेवर कापणं, म्हणजे खर्च नाकारला जात नाही. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख न देणं. किंवा हे, उलाढाल १ कोटीच्या वर गेली की टॅक्स ऑडिट लागतं, पण रोखीचं येणं आणि रोखीचं देणं दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असेल तर ती मर्यादा १० कोटी होते. तुमच्याकडे शनिवारचा पगार रोखीत होतो का? तेवढ्यामुळे तुम्ही ५ टक्क्यांच्या वर जात असाल तर पगार खात्यात टाकायला लागा. असलं काही काकांनी कधी सुचवलंय का ते आठवा. आणि रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे, असं कुणी म्हणत असेल तर लांब राहा, सीएला तर टक्केवारीवर फी घ्यायला सर्वसाधारणपणे मनाईच आहे.

ऑडिट होत असेल तर सही कुणाची आहे तेही बघा, कारण वह्या लिहिणारे काका वेगळे आणि सही करणारे सीए वेगळे असं खूप ठिकाणी असतं, त्यात गैर काही नाही. पण ऑडिट रिपोर्टवर अंक-अक्षरं मिळून १८ चा यूडीआयएन, म्हणजे त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक, असतो, तो सीए इन्स्टिट्यूटच्या वेबसाइटवर टाकून कुणालाही तपासता येतो, पाच मिनिटांचं काम. आणि ज्यांची सही आहे त्या सीएंना वर्षातून एकदा तरी तुम्ही स्वतः भेटा.

आता काकांच्या बाजूनंही बोलतो, कारण बिल न देणारे क्लायंट मी रोज बघतो. १० तारखेला रात्री व्हॉट्सॲपवर तिरक्या फोटोतली बिलं पाठवायची आणि ११ ला रिटर्न नीट जावं अशी अपेक्षा ठेवायची, हे चालत नाही. तुम्ही विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत आणि खरेदीची १० पर्यंत देता का? बँक स्टेटमेंट मागितल्यावर किती दिवसांनी देता? काका "हे बिल धरता येणार नाही" असं तोंडावर सांगत असतील, घरच्या फ्रिजचं बिल कंपनीत टाकायला नकार देत असतील, तर तो त्यांचा दोष नाही, तो चांगुलपणा आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन उचलत नाहीत हाही दोष नाही, आमच्याकडे तेव्हा जेवायलाही वेळ नसतो. आणि ९,००० मध्ये एंट्री, जीएसटी, टीडीएस, पीएफ, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट हे सगळं एकट्या माणसानं करायचं असेल तर ते कमी आहेत हो, खरंच कमी आहेत. कदाचित काकांना एक हाताखालचा माणूस हवाय आणि ते तुमच्याकडे बोलायला संकोचतायत. वडिलांच्या वेळची माणसं फी वाढवून मागत नाहीत.

म्हणून लगेच बदलू नका असं मी म्हणेन, आधी बसून बोला. लॉगइन सगळी तुमच्या नंबरवर आणा, टूबीची यादी १६ ला, येणं-देणं महिन्याच्या १० ला, ॲडव्हान्स टॅक्सचा अंदाज तारखेच्या १५ दिवस आधी, आणि कुठलीही नोटीस दिसली की त्याच दिवशी फोन, एवढं कागदावर लिहून त्यांना द्या, फी वाढवायची तयारी दाखवा आणि एक तिमाही बघा. नोटिशीबद्दल स्पष्ट विचारा, तुम्हाला दिसली नव्हती की दिसून राहून गेली. दिसली नव्हती असं प्रामाणिकपणे म्हणाले तर मी त्यांच्याबरोबर काम करेन. दिसली होती आणि लपवली असं निघालं तर तिमाहीसुद्धा थांबू नका.

बदलायचंच ठरलं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बदलू नका, नव्या माणसाला काहीच उमजायच्या आत तारखा अंगावर येतात. एप्रिल चांगला, नवीन वर्ष, नव्या वह्या. जुनी फी पूर्ण चुकती करा, नवीन सीए ऑडिट घेण्याआधी जुन्या ऑडिटरला पत्र लिहून विचारतात आणि त्यांची वाद नसलेली ऑडिट फी बाकी असेल तर काम घेता येत नाही. टॅलीचा बॅकअप, मागच्या आठ वर्षांची रिटर्न आणि चलनं, पीएफ-ईएसआयचे कागद, नोटिसा आणि त्यांची उत्तरं, सगळं पेनड्राइव्हवर आणि कागदावर दोन्ही घ्या. काकांकडे स्वतः जा, माणूस पाठवू नका, फोनवर सांगू नका, वडिलांचं नाव काढा आणि मगच पेनड्राइव्हचं बोला.